बिनमाइकच्या आवाजाचे घर : मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस

मुंबईत गिरगाव चौपाटीच्या पाठीमागे, चर्नी रोड स्थानकापासून पायी काही मिनिटांवर रॉयल ऑपेरा हाऊस उभे आहे. भारतात आज टिकून असलेले हे एकमेव ऑपेरा हाऊस मानले जाते. इंग्रजी राजवटीत युरोपीय संगीतिकांसाठी ते बांधले गेले. पुढे मराठी संगीत नाटक, मूकपट, बोलपट, हिंदी नाटक असे एकामागून एक पाहुणे तिथे येऊन राहून गेले. त्यानंतर तेवीस वर्षे त्याची दारे बंद होती आणि २०१६ साली ती पुन्हा उघडली. या वास्तूचा शंभरहून अधिक वर्षांचा प्रवास एका गोष्टीभोवती फिरतो. कोणतेही यंत्र मध्ये न येता माणसाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, यासाठी ती घडवलेली आहे. शहराला अशा आवाजाची गरज होती तोवर ती गजबजलेली राहिली आणि ती गरज संपली तशी तिची घडण बदलत, मोडत गेली.

मुंबईच्या रंगभूमीचा पत्ता एकोणिसाव्या शतकात कोटातून हळूहळू उत्तरेकडे सरकला. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाटकगृह उभे राहिले. सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ मध्ये आपली मंडळी घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांचे खेळ याच नाटकगृहात झाले. त्याच वर्षी पारशी हौशी नटांनीही रंगमंचावर पाऊल टाकले आणि पुढील काही दशकांत ग्रँट रोडचा परिसर नाटकगृहांनी भरून गेला. कोटाच्या बाजूला बोरीबंदरजवळ १८७९ मध्ये गेइटी आणि १८८७ मध्ये नॉव्हेल्टी ही नाटकगृहे निघाली. हिवाळ्यात परदेशी फिरत्या कंपन्या मुंबईत उतरत आणि जे नाटकगृह मिळेल त्यात खेळ करून पुढच्या बंदराकडे निघून जात. त्यांच्यासाठी खास बांधलेले, युरोपातल्या राजधान्यांच्या तोडीचे नाटकगृह मात्र विसावे शतक उजाडेपर्यंत शहरात नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन अगदी वेगळ्या वाटांवरची माणसे एकत्र आली. मॉरिस बँडमन हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, नटाच्या घरात वाढलेला नाट्यव्यावसायिक. कलकत्त्याला तळ ठोकून तो जिब्राल्टरपासून जपानपर्यंतच्या बंदरांत इंग्रजी सुखात्मिका आणि हलक्याफुलक्या संगीतिका फिरवत असे. आगबोटींचे वेळापत्रक आणि नाटकांचे वेळापत्रक यांची सांगड घालण्यात त्याचा हातखंडा होता. जहांगीर फ्रामजी कराका हे मुंबईतले पारशी गृहस्थ, कोळशाच्या दलालीच्या पेढीचे प्रमुख. पहिल्याला आपल्या दौऱ्यांसाठी मुंबईत हक्काचा रंगमंच हवा होता आणि दुसऱ्याकडे पैसा व शहरातले वजन होते. १९०८ च्या सुमारास कल्पना पक्की झाली, लगेच बांधकामाला हात घातला गेला आणि सुमारे साडेसात लाख रुपये खर्च आला. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती.

सम्राट पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी मुंबई बंदरात उतरले. त्यांच्या हस्ते नाटकगृहाचे उद्घाटन झाले तेव्हा इमारत अपुरीच होती. राजाचे येणे लांबवता येत नाही, गवंड्याचे काम लांबवता येते, हा हिशेब मालकांनी केला असावा. नावातला ‘रॉयल’ हा शब्द याच प्रसंगाची खूण आहे. १९१२ मध्ये मुख्य काम पुरे होऊन खेळ सुरू झाले, तरी पुढची दोन-तीन वर्षे भर घालणे चालूच राहिले.

वास्तूची शैली बरोक म्हणून ओळखली जाते. सतराव्या शतकात इटलीत जन्मलेल्या या शैलीला सरळ रेषेचे वावडे असते. वळणे, फुलवेली, घुमट, सोनेरी कडा, पाहणाऱ्याला थोडे दिपवून टाकणारा थाट ही तिची ओळख. मुंबईत तिच्यात देशी कलाकुसरही मिसळली. शहरातल्या सार्वजनिक इमारती तोवर बहुतेक गॉथिक किंवा इंडो-सारासेनिक धाटणीच्या होत्या. व्हिक्टोरिया टर्मिनस किंवा महापालिकेची इमारत पाहून आलेल्या माणसाला ऑपेरा हाऊसचा बाज वेगळ्याच कुळीचा वाटतो. सरकारी इमारतींनी दरारा निर्माण करायचा असतो, हिने मात्र आत बोलवायचे होते आणि त्यातला फरक दर्शनी भागातच कळतो.

आत शिरल्यावर पहिला लागतो तो प्रवेशकक्ष. इथे लटकणारी दोन मोठी बिलोरी झुंबरे ससून घराण्याने दिलेली आहेत. बगदादहून आलेल्या या ज्यू व्यापारी घराण्याचा ‘सां सूसी’ नावाचा वाडा भायखळ्याला होता, तिथे आज मसीना रुग्णालय आहे. झुंबरे त्या वाड्यातून इथे आली. डोक्यावरचा घुमट आठ भागांत विभागलेला असून त्यावरील चित्रे कवी आणि नाटककारांना वाहिलेली आहेत. नाटकगृहात आल्या-आल्या मान वर होते ती लेखकांकडे पाहण्यासाठी, ही योजना ज्याच्या डोक्यातून आली त्याला नाटकाचे मर्म ठाऊक होते. संगमरवर, रंगीत काचा, लोखंडी नक्षीचे कठडे हे सारे इथे आहे, परंतु ते डोळ्यांत खुपत नाही. पडदा वर जाण्याआधीचा अर्धा तास प्रेक्षकाला रोजच्या जगातून सोडवून आणावा, हे त्या सजावटीचे काम आहे आणि ती ते चोख करते.

खरे नाटकगृह त्याच्या पलीकडे आहे. जमिनीवरच्या आसनांवर दोन सज्जे आहेत, एकावर एक. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना खासे लोक बसायचे ते कप्पे, म्हणजे बॉक्स. या कप्प्यांतून नाटक तिरके दिसते आणि नटाची अर्धी पाठच वाट्याला येते, तरी त्यांची किंमत सर्वांत जास्त असायची, कारण तिथे बसणारा पाहायला आलेला नसे, दिसायला आलेला असे. समोरच्या पिटात वादक बसत. सर्वांत वरचा सज्जा स्वस्त तिकिटांचा. तिथवर पोहोचायला जिने चढावे लागतात. वर गेल्यावर छत हाताशी आल्यासारखे वाटते आणि रंगमंच खोल खाली दिसतो. या वास्तूची परीक्षा घ्यायची तर तिथे जाऊन बसावे.

त्या वरच्या सज्ज्यालाही प्रत्येक शब्द ऐकू यावा अशा बेताने छताची घडण केलेली आहे. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात नाटकगृहाच्या रचनाकाराला दोन टोकांच्या मधली वाट शोधावी लागे. दालन फार कोरडे झाले तर आवाज रंगमंचापासून चार रांगांतच विझतो आणि फार घुमू लागले तर एका शब्दाच्या अंगावर दुसरा शब्द आदळून अर्थ हरवतो. वळणदार छत आणि भिंती आवाजाला परतवून श्रोत्यांकडे पाठवतात. उठावदार नक्षीकाम तोच आवाज विखरून टाकते, म्हणून तो एकाच जागी आदळत नाही. लाकूड, गादीची आसने आणि खुद्द प्रेक्षकांची शरीरे उरलेला निनाद शोषून घेतात. सज्जे एकावर एक रचल्यामुळे बरीच माणसे रंगमंचाच्या जवळ राहतात. केवळ शोभेची वाटणारी पुष्कळशी कलाकुसर इथे कानाच्या सेवेला लावलेली आहे आणि आजच्या सपाट भिंतींच्या सभागृहांत नेमके तेच हरवलेले असते.

अशा जागेत मराठी संगीत नाटक रुजले यात नवल नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, मराठी नट हा गाणारा नट होता. त्याच्यासमोर मायक्रोफोन नसे. पिटात ऑर्गन किंवा पायपेटी आणि तबला, कधी सारंगी, आणि समोर तुडुंब भरलेले थिएटर. पद गाऊन झाले की लगेच गद्य संवाद आणि ‘वन्समोअर’ आला की तेच पद पुन्हा, वेगळ्या जागा घेत. खेळ रात्री सुरू होऊन पहाटेकडे झुकत. पाच-सहा तास असे गाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे तर गळ्याला जागेची साथ लागते. खराब थिएटरात नट ओरडू लागतो आणि ओरडणारा नट गायचे विसरतो. चांगल्या थिएटरात तो खालच्या स्वरातही धीर धरू शकतो. युरोपीय संगीतिकेच्या गायिकेची गरज आणि मराठी संगीत नाटकातल्या नटाची गरज इथे एकच होती. त्यामुळे एकीसाठी बांधलेले घर दुसऱ्याला जराही परके वाटले नाही.

बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, ललितकलादर्श नाटक मंडळीचे बापूराव पेंढारकर, विनायकबुवा पटवर्धन, ज्योत्स्ना भोळे ही मंडळी या रंगमंचावर उभी राहिली. बालगंधर्वांचा गळा मृदू, नजाकतीचा आणि दीनानाथांचा पल्लेदार, आक्रमक, चपळ. दोन इतक्या भिन्न प्रकृतींचे आवाज एकाच वास्तूने सांभाळले, ही तिच्या ध्वनिगुणांची सर्वांत मोठी पावती आहे. प्रेक्षकही लांबून यावे लागत नव्हते. गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी या भागांतल्या चाळी आणि वाड्या मराठी माणसांनी भरलेल्या होत्या. खेळ संपल्यावर ही माणसे पायी घरी जात आणि वाटेत एखादे पद गुणगुणत.

परिसरही सुरांचाच होता. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये स्थापन केलेली संगीतशाळा अगदी जवळच होती. बालवयातले कुमार गंधर्व तिथे शिकले आणि देशभरातले गवई मुंबईत आले की तिथे हजेरी लावून जात. केनेडी ब्रिज आणि काँग्रेस हाऊसच्या आसपास गायिका, सारंगिये, तबलजी यांची वस्ती होती. संगीताचे शिक्षण, मेहफील आणि रंगमंच हे तिन्ही इतक्या थोड्या अंतरात नांदत असल्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या मुंबईत शोधणे कठीण आहे.

बोलपट आल्यावर हा ताळेबंद फिरला. गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. एका नटाचा आवाज एकाच वेळी अनेक गावांत ऐकू येऊ लागला, तोही चार-आठ आण्यांत. पडदे, कपडेपट, मुदपाकखाना आणि शे-दीडशे माणसांचा लवाजमा घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना ही स्पर्धा झेपली नाही. थिएटरांच्या मालकांनीही सोयीचा मार्ग धरला. मूकपटांच्या काळात ऑपेरा हाऊसमध्ये नाटकांच्या जोडीला चित्रपट दाखवले जात होतेच, १९३५ च्या सुमारास ते रीतसर चित्रपटगृह झाले.

या बदलाने वास्तूला पहिली मोठी इजा केली. सपाट पडद्यावरचे चित्र समोरून पाहावे लागते, बाजूने पाहिले तर माणसे लांबट आणि वाकडी दिसतात. त्यामुळे रंगमंचालगतचे कप्पे निरुपयोगी झाले आणि ते काढून टाकण्यात आले. आतल्या रूपावर त्या वेळी जोरात असलेल्या आर्ट डेको शैलीचा हात फिरला. मालकांच्या बाजूने पाहिले तर याला पर्याय नव्हता आणि हेही मान्य करायला हवे की चित्रपटानेच ही इमारत पुढची पन्नासएक वर्षे पोसली. नाटकावरच विसंबून राहिलेली शहरातली कितीतरी थिएटरे याच काळात पाडली गेली किंवा गोदामे झाली.

नाटक तरीही दारातून पूर्णपणे बाहेर गेले नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स ही फिरती नाटक मंडळी काढली आणि मुंबईत तिचे खेळ ऑपेरा हाऊसमध्ये होऊ लागले. चित्रपटांच्या वेळा सांभाळून, सकाळच्या प्रहरी. ‘शकुंतला’, ‘दीवार’, ‘पठाण’ ही नाटके मुंबईकरांनी इथे पाहिली. १९४५ चे ‘दीवार’ दोन भावांमध्ये उठणाऱ्या भिंतीचे, येऊ घातलेल्या फाळणीविरुद्ध कळवळून बोलणारे नाटक होते. जोहरा सेहगल या मंडळीत चौदा वर्षे होत्या. शंकर आणि जयकिशन तिथे वाद्ये वाजवत होते. खेळ संपला की पृथ्वीराज दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत आणि बाहेर पडणारे प्रेक्षक त्या झोळीत मदत टाकत. हा पैसा निराधारांसाठी, आपत्तीग्रस्तांसाठी जाई. ज्या दारातून कधीकाळी गव्हर्नरच्या बग्ग्या येत, त्याच दारात हे घडत होते. ऑपेरा हाऊस खऱ्या अर्थाने या देशाचे झाले ते या सकाळच्या खेळांमुळे.

याच काळात मराठी नाटकाला मात्र मुंबईत हक्काचे छप्पर उरले नव्हते. १९४० च्या दशकात डॉ. अ. ना. भालेराव यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या वतीने चर्नी रोडजवळच्या मोकळ्या जागेत मंडप घालून नाट्यमहोत्सव भरवले. केळेवाडीत साहित्य संघाचे स्वतःचे नाटकगृह १९६४ मध्ये झाले आणि दादरचे शिवाजी मंदिर १९६५ मध्ये. तोवर माइक आला होता, गाणारा नट मागे पडून बोलणारा नट पुढे आला होता. मराठी माणूसही गिरगावातून उपनगरांकडे सरकू लागला होता. ऑपेरा हाऊसकडे परत येण्याचे कारण मराठी नाटकाला उरले नाही.

सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानचे महाराज विक्रमसिंहजी यांनी १९५२ मध्ये ही वास्तू विकत घेतली. तेव्हापासून ती गोंडल घराण्याकडेच आहे. पुढे दूरचित्रवाणी घराघरांत गेली, ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, करमणूक कराचा बोजा होताच. एक पडदा असलेली चित्रपटगृहे देशभर धडाधड बंद पडली, त्यात हेही होते. १९९३ मध्ये झालेला एक फॅशन शो हा इथला अखेरचा कार्यक्रम ठरला.

नंतरच्या तेवीस वर्षांत आजूबाजूचे जग पार बदलले. पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्ससारख्या इमारतींमुळे हा भाग हिऱ्यांच्या जगद्व्यापी व्यापाराचे ठाणे झाला. नंतर त्यातला मोठा हिस्सा वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. १३ जुलै २०११ च्या साखळी स्फोटांपैकी एक याच भागात झाला. भोवताली हे सारे घडत असताना बंद थिएटरात पावसाचे पाणी झिरपत होते, लाकूड कुजत होते, गिलावा सुटत होता आणि भिंतींच्या सांध्यांतून झाडे उगवत होती. मुंबईच्या हवेत बंद इमारत चालू इमारतीपेक्षा लवकर मरते. एवढी मोक्याची जमीन हाती असताना ती विकासकाला देऊन टाकणे हा सोपा व्यवहार होता आणि मालक घराण्याने तो केला नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. वारसा वास्तूंच्या संरक्षणाची नियमावली मुंबईत १९९५ पासून लागू झाली. तिचाही आधार मिळाला. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ऑपेरा हाऊसचे नाव घातले.

जीर्णोद्धाराचे काम वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्याकडे आले. काम दोन पायऱ्यांनी झाले. आधी इमारत पडू नये एवढी तिला बळकटी देणे, मग तिचे मूळ रूप परत आणणे. दुसऱ्या पायरीवर एक अवघड प्रश्न उभा राहतो. शंभर वर्षांत रूप पालटलेल्या इमारतीचे ‘मूळ’ रूप कोणते? १९१२ चे बरोक की १९३५ चे आर्ट डेको? दोन्ही इतिहासच आहेत. इथे पहिल्या रूपाच्या बाजूने निर्णय झाला आणि तो योग्य होता. चित्रपटगृह म्हणून ही जागा पुन्हा चालणार नव्हती. जिवंत कलांचा रंगमंच म्हणून मात्र ती चालू शकत होती आणि त्यासाठी कप्पे, सज्जे, छत हे सारे पूर्वीसारखे असणे गरजेचे होते. जुनी छायाचित्रे तपासून नाहीसे झालेले कप्पे पुन्हा उभारले गेले. तडकलेल्या रंगीत काचा दुरुस्त झाल्या, छताची नक्षी आणि झुंबरे पूर्ववत झाली. आजच्या रंगमंचाला लागणारी दिव्यांची, ध्वनीची, वातानुकूलनाची आणि अग्निसुरक्षेची यंत्रणा या जुन्या कवचात दिसणार नाही अशी बसवावी लागली. नळ्या आणि तारा लपवण्याचे हे काम पाहुण्याच्या नजरेस पडत नाही, हीच त्याची कसोटी.

ऑक्टोबर २०१६ मध्ये थिएटर पुन्हा उघडले. मुंबईत जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये नाव कमावलेल्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन तिथे झाले आणि त्याच सुमारास मुंबई चित्रपट महोत्सवाचे उद्घाटनही. दुसऱ्या वर्षी चिमारोझा या इटालियन संगीतकाराची अठराव्या शतकातली ‘इल मात्रिमोनियो सेग्रेतो’ ही संगीतिका इथे सादर झाली. ज्या कामासाठी हे घर बांधले ते त्याला मोठ्या खंडानंतर परत मिळाले. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा संवर्धन पुरस्कारांत भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चबरोबर ऑपेरा हाऊसचाही गौरव झाला.

आज इथे ५७५ आसने आहेत. पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी संगीत, नृत्य, नाटक, चर्चा, पुस्तकांचे समारंभ असे कार्यक्रम होतात. वास्तू नीट पाहायची तर कार्यक्रमाचे तिकीट काढून, घंटेच्या बऱ्याच आधी पोहोचावे. आधी प्रवेशकक्षात थांबून घुमट पाहावा, मग वरच्या सज्ज्यापर्यंत चढून खाली बघावे आणि नंतर आपल्या जागी यावे. शक्य असेल तर असा कार्यक्रम निवडावा ज्यात ध्वनिवर्धनाचा आधार कमीत कमी आहे, एखादे चतुष्टक, पियानोच्या साथीचे गायन किंवा छोटी संगीतिका. मोठ्या स्पीकरांतून आलेला आवाज कोणत्याही सभागृहात साधारण सारखाच लागतो.

व्यावसायिक मराठी नाटक इथे सहसा येत नाही आणि त्यामागे साधा हिशेब आहे. ठाण्याचे गडकरी रंगायतन, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर यांसारख्या मोठ्या नाट्यगृहांच्या तिकीटविक्रीवर निर्मात्याचे गणित बसवलेले असते. ५७५ आसनांत आणि वारसा वास्तू जपण्याच्या खर्चाला पेलणाऱ्या भाड्यात ते बसत नाही. नियमित प्रयोगांची अपेक्षा म्हणूनच रास्त नाही. संगीत नाटकाची गोष्ट वेगळी आहे. ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ ही नाटके ज्या तऱ्हेच्या जागेसाठी लिहिली आणि बांधली गेली, तशी जागा मुंबईत आता हीच एक सुस्थितीत उरली आहे. त्या नाटकांतली पदे नव्या पिढीतले गायक-नट आजही तयारीने गातात, पण बहुधा छातीवर माइक लावून. वर्षातून काही रात्री ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने, एकही माइक न लावता, त्यांनी या रंगमंचावर गावे, यासाठी नाट्यसंस्था, मालक आणि राज्याचे सांस्कृतिक खाते यांनी मिळून खर्च उचलला तर तो मोठा नसेल.